छोट्यांना हा ॲनिमेशन सिनेमा दाखवायचा का? तिकीट काढायच्या आधी काय काय बघायचं

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी वरात घेऊन एका मल्टिप्लेक्सला गेलो होतो, मी, माझी बहीण, तिचा आठ वर्षांचा मुलगा, माझी चार वर्षांची लेक आणि आई. पोस्टरवर गोंडस प्राणी, म्हटलं कार्टूनच तर आहे, त्यात काय बघायचंय, आणि काढली तिकिटं. विसाव्या मिनिटाला लेक माझ्या मानेला अशी घट्ट चिकटली की तिला उचलून बाहेरच यावं लागलं, आणि उरलेला सगळा वेळ आम्ही दोघी लॉबीत बसून सोन्याच्या भावाचे पॉपकॉर्न खात होतो. भाचा बाहेर आला तो उड्या मारत, मावशी काय भारी होता गं! सिनेमा एकच, रांग एकच, खुर्च्या शेजारी शेजारी. नाव सांगत नाही कारण चूक सिनेमाची नव्हतीच, काहीही न बघता गेले ती मी.

तेव्हापासून मी स्वतःपुरती एक पद्धत बसवलीय. वेळ लागतो अर्धा तास, कधी कधी सिनेमा आधी स्वतः बघावा लागतो म्हणून दोन तास. साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी हे लिहितेय. दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी हा प्रश्नच नाही, भारतातली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्या वयात स्क्रीन नकोच म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. म्हणजे शंभर मिनिटांचा सिनेमा हा चार वर्षांच्या मुलासाठी मुळातच मोठा घास आहे, हे आधी लक्षात घ्या.

कार्टून म्हणजे लहान मुलांचं, हे आधी डोक्यातून काढा

जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ ला स्टुडिओ जिब्लीचे दोन ॲनिमेशनपट एकत्र, एकाच खेळात लागले. एक ‘माय नेबर टोटोरो’, दोन बहिणी आणि जंगलातला एक गुबगुबीत केसाळ प्राणी, तीन-चार वर्षांचं मूलही मजेत बघेल असा. दुसरा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, युद्धात आई गेलेले, उपाशी फिरणारे भाऊ-बहीण. हा दुसरा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर बघितला तर दोन दिवस नीट जेवले नाही. दोन्ही हाताने काढलेले, दोन्हीत लहान मुलं, एकाच स्टुडिओचे. त्यामुळे चित्रं गोड आहेत यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

अजून एक गंमत. २०१४ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात १९३७ पासून २०१३ पर्यंतचे मुलांचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट घेऊन त्याच काळातल्या मोठ्यांच्या सिनेमांशी तुलना केली होती, कोणत्या सिनेमात मुख्य पात्रं जास्त मरतात. उत्तर आलं मुलांच्या. मुख्य पात्र मरायचा धोका साधारण अडीचपट, आणि त्यातही मुख्य पात्राच्या आईबाबांचा पाचपटीहून जास्त! गोष्ट लिहिणाऱ्यांचीही अडचण असते म्हणा, आईबाबा घरात असले तर पोराला एकट्याने साहसाला कोण पाठवणार. पण चार वर्षांच्या मुलासाठी सगळ्यात मोठी भीती कुठली, तर आई हरवणं. आणि हे सिनेमे बरोब्बर तिथेच बोट ठेवतात.

पायरी १ : सर्टिफिकेट बघा, पण त्यावर थांबू नका

आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाचं यू आणि यूए आपण लहानपणापासून बघत आलोय. २०२३ च्या कायदाबदलानंतर यूएचे तीन भाग झालेत, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. आधी एकच यूए होतं आणि बारा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी बघून ठरवा, एवढंच ते सांगायचं, आता निदान वय तरी कळतं. तिकिटाच्या ॲपवर सिनेमाच्या नावाखाली हे लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी मात्र लोक चुकीच्या धरून बसतात. एक म्हणजे यूए ७+ असलं की सहा वर्षांच्या मुलाला दारात अडवतील असं. नाही अडवत, ती सूचना तुमच्यासाठी आहे, खरी बंदी फक्त ए ला. दुसरी म्हणजे यू असलं की छोट्यांसाठीच बनवलाय असं. यू चा अर्थ कोणीही बघायला हरकत नाही इतकाच, तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला तो झेपेल असं बोर्डाने काही लिहून दिलेलं नाही. ब्रिटनचं बोर्ड, म्हणजे बीबीएफसी, हे जास्त स्पष्ट सांगतं, त्यांचं यू म्हणजे साधारण चार वर्षं आणि पुढे, आणि पीजी म्हणजे आठेक वर्षांच्या मुलाला अस्वस्थ करू नये असा. मी तर हिंदी-इंग्रजी काहीही असो, सिनेमा तिकडे लागला असेल तर त्यांच्या साइटवर नाव टाकते, कारण ते कारणासकट लिहितात, कुठल्या प्रकारची भीती, मारामारी किती, कोणी धोक्यात सापडतं का वगैरे. कॉमन सेन्स मीडिया नावाची अमेरिकन साइटही कामाची आहे, तिथे पालकांनी लिहिलेलं वाचा, स्टार नका बघू. ‘डज द डॉग डाय’ म्हणून एक साइट आहे, तिथे लोकच हो-नाही करून सांगतात की यात कुत्रा मरतो का, आई मरते का, कोणी बुडतं का. नाव विनोदी वाटतं पण मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झालाय.

ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून वयाची खूण आणि त्यासोबत एक-दोन शब्दांचं कारण, हिंसा, भीती असं काहीतरी, सुरुवातीला दिसतं. आपण ते बघायच्या आत मुलाने प्ले दाबलेलं असतं ही गोष्ट वेगळी.

पायरी २ : सिनेमा बाजूला ठेवा, आधी तुमचं मूल बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तुमचं मूल माहीत नाही, ते तुम्हालाच माहीत.

पाच वर्षांच्या आतलं मूल दिसण्याला घाबरतं. चेहरा विद्रूप असेल, अचानक आकार बदलला, डोळे लाल-काळे झाले की संपलं, मग ते पात्र मनाने कितीही चांगलं असू दे. १९८० च्या दशकात अमेरिकेत यावर बरंच काम झालंय, टीव्हीवरचा तो हिरवा हल्क, तो लोकांना वाचवायलाच हल्क होतो, पण बालवाडीतली पोरं नेमकी त्या रूप बदलण्यालाच घाबरायची आणि मोठी मुलं आरामात बघायची. मोठ्या मुलांचं उलटं असतं, सात-आठनंतर राक्षसाचं काही वाटत नाही पण घर जळणं, अपघात, बाबा आजारी पडणं, म्हणजे जे खरंच होऊ शकतं, ते आत जाऊन बसतं. माझा भाचा ड्रॅगनला हसतो आणि हॉस्पिटलचा सीन आला की उठून पाणी प्यायला जातो.

म्हणून बसण्याआधी स्वतःला विचारा. हल्ली हे कशाला घाबरतंय? कुत्रा, अंधार, मोठा आवाज, पाण्यात डोकं बुडणं? घरात सध्या काय चाललंय? आजोबा नुकतेच गेलेत, नवीन बाळ आलंय, शाळा बदललीय, आईने नोकरी परत सुरू केलीय, असं काही असेल तर एरवी सहज जाणारा सीनही टोचतो. (गेल्या वर्षी चाललेला सिनेमा यंदा का चालेना म्हणून डोकं धरून बसू नका, बऱ्याचदा कारण सिनेमात नसतंच.) आणि तिसरं, भीती वाटली तर ते सांगतं का? काही मुलं रडून मोकळी होतात, ती बरी. काही अगदी शहाण्यासारखी, हू की चू न करता बघतात आणि रात्री तीनला उठून बसतात. गप्प बसलंय म्हणजे आवडतंय असं धरू नका, हे मी माझ्याच लेकीकडून शिकले.

फिट्स येणारं मूल असेल तर पांढऱ्या-काळ्या लुकलुकत्या उजेडाच्या सीनची चौकशी वेगळी करा. २०१८ च्या ‘इन्क्रेडिबल्स २’ च्या वेळी अमेरिकेत थिएटरबाहेर तशा पाट्या लावाव्या लागल्या होत्या.

पायरी ३ : शेवट गोड आहे का ते विचारू नका, दिलासा किती वेळाने येतो ते मोजा

सगळे काय सांगतात, अगं शेवटी सगळं नीट होतं. अहो, पण चार वर्षांच्या मुलाला शेवट नावाची गोष्टच नसते! आपल्याला माहीत असतं की हिरो मरणार नाही, अजून पाऊण तास बाकी आहे. त्याच्यासाठी समोर चाललाय तोच सीन म्हणजे सगळं जग. आत्ता आई दिसत नाही म्हणजे आई नाही, विषय संपला. नव्वदाव्या मिनिटाला ती भेटते याचा पंचविसाव्या मिनिटाला काडीचाही उपयोग नाही.

त्यामुळे मी एकच गोष्ट बघते, भीतीचा सीन आणि त्यानंतर कोणीतरी जवळ घेणं, हसणं, गाणं, उजेड, यात किती वेळ जातो. मिनिट-दीड मिनिटात दिलासा मिळत असेल तर तीन-चार वर्षांचं मूल तगतं, मांडीवर बसून. पाच मिनिटं ओलांडली, किंवा एका भीतीतून बाहेर यायच्या आत दुसरी आली, तर ते सहा-सातच्या पुढच्या मुलांचं काम. हे आकडे माझे, कुठल्या डॉक्टरचे नाहीत, पण आमच्या घरात आत्तापर्यंत चुकले नाहीत.

१९९४ चा ‘लायन किंग’ घ्या. बाप मरतो ते सगळ्यांना माहीत आहे, पण छोट्यांना खरं जड जातं ते त्याच्या पुढचं, ते पिल्लू बापाला ढकलून उठवायला बघतं, कोणी आहे का म्हणून हाका मारतं आणि येतो तो काका, तूच केलंस हे म्हणणारा. म्हणजे जिथे कुशी मिळायला हवी तिथे उलट आरोप. नंतर ते दोघे विनोदी मित्र आणि त्यांचं गाणं येतं आणि सिनेमा सावरतो, पण मधला तो पट्टा चार वर्षांच्या मुलाला लांब पडतो. अमेरिकेत याला जी, म्हणजे सगळ्यांसाठी, असं सर्टिफिकेट आहे बरं का.

पायरी ४ : आधी स्वतः बघा, हातात कागद घेऊन

घरी दाखवायचा असेल तर याला पर्याय नाही. पूर्ण बघायला वेळ नसेल तर पहिली पंधरा मिनिटं, मधला भाग आणि शेवटची पंचवीस मिनिटं बघा, बहुतेक सिनेमांत जीव टांगणीला लागायच्या जागा याच असतात. थिएटरचा असेल तर पहिल्या दिवशी जाऊ नका, चार दिवस थांबा, मोठी मुलं असलेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारा, आणि विचारताना “चांगला आहे का” असं नका विचारू कारण उत्तर “मस्त आहे” हेच येणार, “कोणाचं पोर रडलं का, कुठल्या सीनला” असं विचारा.

उदाहरण म्हणून ‘फाइंडिंग निमो’ घेते, २००३ चा, शंभर मिनिटांचा, बहुतेकांनी बघितलेला. माझ्या कागदावर हे लिहिलं होतं.

सुरुवातीलाच, सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्याही आधी, निमो या छोट्या माशाची आई आणि चारशेवर अंडी बराकुडा मासा खातो. खाताना दाखवत नाहीत, अंधार होतो आणि मग बाबा एकटा. हे आम्ही पहिल्यांदा सरळ पुढे ढकललं, निमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून सुरू केलं. आई का नाही म्हणून लेकीने विचारलं, तर मी म्हटलं मोठ्या माशाने खाल्ली. खोटं नाही सांगितलं, फक्त दाखवलं नाही.

मग निमोला पाणबुड्या पकडून नेतो. इथून शेवटपर्यंत बाप आणि पोरगं वेगळे, हा अख्ख्या सिनेमाचा पायाच आहे, त्यामुळे ज्या मुलाला सध्या शाळेत सोडताना रडू येतंय त्याला हा सिनेमा दाखवूच नका, सहा महिन्यांनी बघा. शार्क आधी विनोदी असतो, मग रक्ताचा वास आल्यावर त्याचे डोळे काळे होतात, रूप बदलणं आलं ना तेच. त्याला लागूनच सुरुंगांचा स्फोट, आणि पाठोपाठ गडद अंधारातला तो दिवा लटकवलेला दातांचा मासा. एका भीतीतून दुसरी, मध्ये श्वास घ्यायला जागा फारशी नाही. माझ्या मते हा सिनेमातला सगळ्यात अवघड पट्टा, सुरुवातीच्या सीनपेक्षाही, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जेलीफिशचं जंगल दिसायला सुंदर पण डोरीला, म्हणजे निमोला शोधायला बाबाच्या सोबत निघालेल्या मासोळीला, तिथे लागतं, नंतर कासवं येतात आणि सगळं एकदम निवांत होतं, शू-पाणी करायचं तर इथे. शेवटी बापाला वाटतं निमो मेला, मग जाळ्यातून सुटल्यावर निमो क्षणभर निपचित पडलेला, तिथे मात्र उघडतो डोळे, दिलासा लगेच.

निकाल काय, तर माझ्या मते पाच वर्षांपासून, सोबत बसून. चार वर्षांच्या मुलाला दोन तुकडे गाळून. यात धड खलनायकसुद्धा नाही, कोणी दुष्ट नाही, तरीही एवढं निघालं. म्हणून म्हणते कागद घेऊन बसा.

पायरी ५ : भाषा कुठली ते बघा

हे इंग्रजी साइटवर कुठेच सापडणार नाही. आपल्याकडचं मूल घरात मराठी बोलतं, हिंदी कार्टूनमधून कळते, इंग्रजी अर्धवट. आता बघा, सिनेमात भीती असते चित्रात आणि संगीतात, ती कुठल्याही भाषेत पोचते. दिलासा आणि विनोद असतो संवादात. भाषा कळली नाही की मुलाच्या वाट्याला फक्त भीती येते, आणि शेजारचे लोक का हसतायत ते कळत नाही. माझ्या लेकीचं त्या दिवशी बहुतेक हेच झालं होतं, कारण खेळ इंग्रजीतला, हिंदीची वेळ आजीच्या झोपेच्या आड येत होती!

त्यामुळे मुलाला नीट कळते ती भाषा निवडा, हिंदी डब हलका वाटला तरी. घरी असाल तर मध्येमध्ये मराठीत सांगत राहा, थिएटरात कानात. थोडक्यात सांगायचं, “तो मित्र आहे, त्याला मदत करणारे”, बस. अख्खी कथा सांगत बसलात तर मागचे लोक ओरडतील आणि त्यांचं बरोबरच आहे.

पायरी ६ : देवाचा सिनेमा असेल तर सूट देऊ नका

२०२५ च्या जुलैमध्ये ‘महावतार नरसिंह’ आला तेव्हा आमच्या सोसायटीतून आख्खी कुटुंबं गेली, अगदी कडेवरची पोरंसुद्धा. कारण काय, तर देवाची गोष्ट आहे, संस्कार होतील. प्रल्हादाची गोष्ट माझ्या आईनेही लेकीला पन्नास वेळा सांगितलीय, खांब फुटतो, नरसिंह येतो, उंबरठ्यावर बसून हिरण्यकश्यपूचं पोट फाडतो. लेक ती ऐकून खिदळते. मग पडद्यावर काय बिघडतं?

बिघडतं असं की आजीच्या मांडीवर ऐकताना मूल चित्र स्वतः काढतं, आणि जेवढं झेपेल तेवढंच मोठं काढतं. आजी आवाज लहानमोठा करते, पोराचा चेहरा बघून पोट फाडण्याचं एका वाक्यात उरकते. पडदा कोणाचा चेहरा बघत नाही. तिथे सिंहाचा जबडा तीस फुटांचा आणि डरकाळी चारी बाजूंनी. त्यामुळे गोष्ट ओळखीची आहे याला थोडे गुण द्या, पुढे काय होणार ते माहीत असल्याने मुलाला आधार वाटतो हे खरं, पण बाकी पायऱ्या तशाच्या तशा लावा. माझ्या आईने यावर “आम्ही नाही का दशावतार बघितले लहानपणी” असं म्हटलंच, तर मी म्हटलं हो, आणि त्या नाटकातला संकासुर राक्षस आला की तू आजीच्या पदरात शिरायचीस हे तूच सांगितलंयस. मग ती चहा टाकायला गेली.

पायरी ७ : थिएटरला जाणार असाल तर

सकाळचा खेळ घ्या, मूल झोपाळलेलं किंवा भुकेलं असलं की सगळंच दुप्पट भीतीदायक. कडेची खुर्ची, दाराच्या बाजूची, मागच्या रांगांत. पहिल्या सिनेमाला थ्रीडी नकोच, चष्मा घसरतो आणि वस्तू अंगावर येतात. खेळाच्या वेळेनंतर दहा मिनिटांनी आत शिरा, दुसऱ्या सिनेमांचे ट्रेलर मूळ सिनेमापेक्षा भयंकर असतात, आणि अंधार व्हायच्या आधी नाही गेलात तरी मोबाइलचा उजेड पायाशी धरून जाता येतं.

आवाज हा खरा शत्रू. मूल डोळे झाकतं पण कान उघडेच राहतात, आणि घाबरवायचं निम्मं काम तो घूं घूं आवाजच करतो. कान झाकणारे मुलांचे इअरमफ मिळतात ते घ्या, नाहीतर माकडटोपी! हसू नका, आम्ही नेलीय, एसीतही उपयोगी पडते. इंटरव्हल हा मात्र आपल्याकडचा फायदा, फक्त विदेशी सिनेमात तो कुठेही कापून घातलेला असतो, कधी अगदी कोणी कड्याला लटकलेलं असताना, अशा वेळी बाहेर जाताना पुढे काय होणार ते मुलाला सरळ सांगून टाका. स्पॉयलर-बियलर मोठ्यांसाठी.

आणि घरून निघतानाच ठरवून ठेवा की उठायचं झालं तर कोण उठणार. आम्ही दोघी बहिणी अंधारात “तू जा, तू जा” करत बसलो होतो. तिकिटाचे पैसे गेले म्हणून मुलाला बसवून ठेवू नका, ते पैसे तसेही गेलेलेच आहेत.

बघताना आणि बघून झाल्यावर

मूल घाबरलं की आपण पटकन म्हणतो, अरे खोटं आहे ते. सात-आठ वर्षांच्या मुलाला याचा उपयोग होतो, तीन-चारच्या मुलाला जवळपास नाही. त्याला हवी मांडी, हात, घरातलं लाडकं मळकं टेडी, पाण्याचा घोट. “घाबरतोस काय, दादा बघ कसा बसलाय” हे तर अजिबात नको. घरी असाल तर आवाज बंद करून तोच सीन बघू द्या, फरक लगेच दिसतो. आणि पुढे ढकलायला लाजू नका.

त्या रात्रीपेक्षा पुढचे तीन-चार दिवस बघा. तोच तोच सीन खेळात येत असेल, बाहुलीला शार्क खातोय आणि मग बाहुली सुटतेय, तर चांगलं चाललंय, ते पचवतंय. खेळातून सुटकाच होत नसेल, बाथरूमला एकटं जायला नको म्हणत असेल, तर पुढचे काही महिने त्या जातीचा सिनेमा नको. मी फोनमध्ये एक नोट ठेवलीय, सिनेमाचं नाव, लेकीचं वय, कुठल्या मिनिटाला काय झालं. दोन ओळी पुरतात, आणि बहिणीचं धाकटं आता अडीच वर्षांचं आहे त्यामुळे ती नोट लवकरच तिकडे जाणार.

निमोचा गाळलेला सुरुवातीचा तुकडा लेकीने पाच पूर्ण झाल्यावर स्वतःच मागून घेतला. बघितला, गप्प बसली. रात्री झोपताना विचारलं, मग निमोचा डबा कोण भरतं? म्हटलं बाबा भरतो. बरं म्हणाली आणि झोपली.